नोकरी सांभाळून : तालीम, योगवर्ग आणि चित्रपट
(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर विद्वान प्राध्यापक बोलून गेले आहेत. मी विद्वान नाही. वडोदऱ्याजवळच्या एका कारखान्यात मी छत्तीस वर्षे पाळीने काम केले आणि आता निवृत्त झालो आहे. त्या छत्तीस वर्षांत नोकरी सांभाळून तीन गोष्टी केल्या. तालमीत जात राहिलो, योगाचा वर्ग चालविला आणि चित्रपट पाहिले. संचालक मंडळाने मला बोलाविले ते बहुधा याच कारणाने. तेव्हा विषयही तोच घेतो. नोकरी करणाऱ्या सामान्य माणसाने अशा गोष्टींसाठी वेळ कसा काढावा, आणि मुळात तो का काढावा, हे दोन प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. यांतला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो.

या विषयावर बोलायला वडोदऱ्याइतके योग्य गाव नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या या नगरीत व्यायाम, योग आणि चित्रपट या तिन्ही प्रवाहांचे धागे एकत्र आलेले दिसतात. राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी आपल्या उस्तादांचे नाव धारण करणारे जुम्मादादा व्यायाम मंदिर येथे नावारूपाला आणले. लाठी, लेझीम, बनेटी, फरीगदगा, मल्लखांब हे सारे तेथे पद्धतशीरपणे शिकविले जाई, आणि मोडलेले हाड बसविण्याची विद्याही तेथे होती. माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात एक विद्यार्थी शारीरिक शिक्षण घेत होता. जवळच्याच डभोईला १८८३ मध्ये जन्मलेला हा जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने जगाला माहीत झाला. नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून त्यांनी योग घेतला आणि १९२०-२१ मध्ये येथल्याच सरकारी इस्पितळात उड्डियान व नौली या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांच्या साहाय्याने तपासले. लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ मधले. त्याच्या प्रयोगांचा पाया असा वडोदऱ्यात घातला गेला. तिसरा धागा दादासाहेब फाळक्यांचा. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणणाऱ्या या माणसाने तरुणपणी येथल्या कलाभवनात शिक्षण घेतले होते. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' संपादित केला तोही याच गावात. तो १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध झाला.

ही सारी मोठी माणसे. त्यांचे नाव घेऊन आपण टाळ्या वाजवितो आणि घरी जातो. परंतु त्यांच्या चरित्रांतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. यांपैकी पुष्कळांनी आपली साधना दुसरे काहीतरी करीत असताना केली. माणिकरावांकडे जाणारे गुणे तेव्हा महाविद्यालयात शिकत होते. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षे बडोदे संस्थानच्या नोकरीत होते. कचेरीचे काम आणि महाविद्यालयातले अध्यापन चालू असतानाच त्यांनी १९०४-०५ च्या सुमारास प्राणायामाला सुरुवात केली, आणि पुढे तो सकाळ-संध्याकाळ मिळून पाच-सहा तासांपर्यंत वाढविला. तो त्यांना दाखविला देवधर नावाच्या स्नेह्याने, आणि हे देवधर व्यवसायाने इंजिनिअर होते. म्हणजे शिकणारा नोकरदार, दाखविणाराही कामधंद्यातला माणूस.

हीच गोष्ट दूरच्या जपानातही दिसते. ज्यूडोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योच्या एका बौद्ध मंदिरात अवघ्या बारा चटयांच्या जागेत आपली तालीम सुरू केली, त्याच वर्षी ते शिक्षक म्हणून शाळेत रुजू झाले होते. पुढे ते शिक्षक घडविणाऱ्या मोठ्या संस्थेचे दीर्घकाळ प्राचार्य होते. कराटे ओकिनावाहून जपानच्या मुख्य भूमीवर आणणारे गिचिन फुनाकोशी हे प्राथमिक शाळेत मास्तर होते. दिवसभर मुलांना शिकवून रात्री कंदील घेऊन ते आपल्या गुरूंच्या घरी चालत जात आणि अंगणात एकच एक हालचालींचा क्रम महिनोन्महिने घोटीत. १९२२ मध्ये तोक्योला आल्यावर राहण्यापुरती खोली मिळावी म्हणून त्यांनी विद्यार्थिवसतिगृहात झाडलोट आणि राखणदारी केली. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते. शिक्षकबंधूंनो, या दोघांची नावे मी शाळेत मुद्दाम घेतली. जगभर पसरलेल्या या दोन विद्या शाळामास्तरांनी शाळा सांभाळून वाढविल्या आहेत.

चित्रपटाचे उदाहरण सत्यजित राय यांचे. ते कलकत्त्याच्या एका जाहिरात कंपनीत चित्रकार होते. १९५० मध्ये कंपनीने त्यांना कामासाठी लंडनला पाठविले. काम करून त्या काही महिन्यांत त्यांनी सुमारे शंभर चित्रपट पाहिले. 'बायसिकल थीव्हज' त्यांतलाच. परत आल्यावर १९५२ च्या ऑक्टोबरात त्यांनी 'पथेर पांचाली'चे चित्रण सुरू केले ते सुटीच्या दिवशी, कारण इतर दिवशी कचेरी होती. चित्रपट पुरा व्हायला १९५५ उजाडले. आठवड्याच्या सुटीत केवढे काम होऊ शकते याचे याहून बोलके उदाहरण माझ्या माहितीत नाही.

आता 'का' या प्रश्नाचे माझे उत्तर सांगतो. प्रकृती चांगली राहते, मन प्रसन्न राहते, करमणूक होते, ही उत्तरे खरी आहेत, परंतु ती अपुरी आहेत. प्रकृतीसाठी फिरायला गेले तरी चालते. माझ्या अनुभवाचे उत्तर असे की नोकरी माणसाला एकच जागा देते. हजेरीपुस्तकात तुमचे नाव ज्या ओळीत असेल ती तुमची जागा. वरच्याला 'साहेब' म्हणायचे, खालच्याकडून 'साहेब' म्हणवून घ्यायचे. तीस-पस्तीस वर्षे माणूस एकाच जागी बसला की ती जागा म्हणजेच आपण असे त्याला वाटू लागते. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी पुष्कळांना जी पोकळी जाणवते तिचे मूळ येथे आहे.

तालीम, योगवर्ग आणि चित्रपटगृह या तीन ठिकाणी मला तीन निरनिराळ्या जागा मिळाल्या. तालमीत मी शिष्य होतो, योगवर्गात शिक्षक आणि चित्रपटगृहात प्रेक्षक.

तालमीत पन्नाशीनंतरही मी शिष्यच राहिलो. आमचे आधीचे वस्ताद गेल्यावर त्यांच्या जागी जे आले ते माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. लाठीचा हात फिरविताना माझा मागचा पाय उचलला जातो हे त्यांनी सगळ्यांदेखत सांगावे आणि मी 'हो वस्ताद' म्हणून पुन्हा पहिल्या पवित्र्यात उभे राहावे, असे वर्षानुवर्षे चालले. कारखान्यात तोवर माझ्या हाताखाली वीस माणसे होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला संध्याकाळी आपली चूक दाखविणारा कोणी असणे, हा त्याच्यावर आणि त्याच्या हाताखालच्या माणसांवरही उपकारच आहे.

योगवर्गात याच्या उलट. तेथे सतरंजीवर आडवे पडलेल्यांत आमच्या कारखान्याचे एक मोठे अधिकारी असत, त्यांच्या शेजारी निवृत्त पोस्टमन, आणि त्यांच्या पलीकडे कंबर धरलेला एक शिंपी. मोठ्या साहेबांना रक्तदाबाचा त्रास होता, म्हणून त्यांना शीर्षासन करू द्यायचे नाही हे ठरविणे माझे काम होते, आणि ते ऐकत. शिकविणे म्हणजे स्वतःचे आसन दाखवून वाहवा मिळविणे नव्हे, हे तेथेच कळते. शिक्षकाचे लक्ष स्वतःच्या शरीराकडे गेले की समोरच्या चौदा शरीरांकडे दुर्लक्ष होते. वाकताना ज्याचा श्वास अडकतो, ज्याचा चेहरा ताणला जातो, त्याला तेथेच थांबविणे ही योगशिक्षकाची खरी विद्या. ही नजर मला कारखान्यातही उपयोगी पडली. यंत्रावर उभा असलेला माणूस दमला आहे हे तो सांगण्याआधी मला दिसू लागले.

चित्रपटगृहात मी कोणीच नसतो. दिवे मालवले की अंधारात सारेच सारखे. अडीच-तीन तास दुसऱ्याचे आयुष्य निमूटपणे पाहायचे, मध्येच सूचना द्यायची नाही, पुढे ढकलायचे नाही, थांबवायचे नाही. हुकूम देणाऱ्या आणि हुकूम झेलणाऱ्या अशा दोघांनाही या स्वस्थ बसण्याची गरज असते. चित्रपटाला जाणे म्हणजे वेळ दवडणे असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मी आदर करतो, पण या बाबतीत त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही.

शिष्य, शिक्षक आणि प्रेक्षक या तिन्ही जागा ज्याला मिळतात तो माणूस आपल्या पगाराच्या पावतीएवढा लहान राहत नाही. हे एवढेच मला सांगावयाचे आहे.

आता 'कसा' या प्रश्नाकडे येतो. आमच्या कारखान्यात तीन पाळ्या होत्या. पहिली सकाळी सहा ते दोन, दुसरी दोन ते रात्री दहा, तिसरी रात्री दहा ते सकाळी सहा. पाळी फिरती असल्याने 'रोज सकाळी सहा वाजता' असा संकल्प आम्हाला अशक्य होता. वेळापत्रकाची पुस्तके दहा ते साडेपाचच्या कचेरीवाल्यांसाठी लिहिलेली असतात, पाळीवाल्यांसाठी कोणी लिहीत नाही. म्हणून आम्ही आमचे काही नियम बसविले.

पहिला नियम, वर्गाला शिक्षक दोन. मी ज्या आठवड्यात पहिल्या पाळीला असे त्या आठवड्यात माझे सहकारी वर्ग घेत, आणि ते गावाला गेले तर मी पाळी बदलून घेई. एकट्या माणसावर चाललेला वर्ग तो माणूस आजारी पडला की बंद पडतो. दोन माणसांवर चाललेला वर्ग आमच्याकडे सव्वीस वर्षे चालला.

दुसरा नियम, झोपेतून वेळ काढायचा नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने लाठी हातात धरू नये. त्याचा हात अर्धा क्षण उशिरा वळतो आणि तेवढ्यात समोरच्याचे बोट फुटते. रात्रपाळीच्या आठवड्यात तालीम बंद, फक्त हलकी आसने आणि दीर्घ शवासन. ज्याला हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो त्याने पुढच्या तीन आठवड्यांचा हिशेब पाहावा.

तिसरा नियम, दोन व्यायामांत अंतर. जोर-बैठका मारून घामाघूम झालेल्या अवस्थेत लगेच आसनांना बसू नये. आम्ही किमान वीस मिनिटे मध्ये ठेवीत असू, आणि शक्यतो तालीम व आसने निरनिराळ्या वेळी करीत असू. भरल्या पोटी आसने नाहीत. जेवण आणि आसने यांत तीन-चार तास जाऊ द्यावेत. पाळीच्या माणसाचे जेवण वेळीअवेळी होते, म्हणून हा नियम त्याने घड्याळ पाहूनच पाळावा.

चौथा नियम चित्रपटाचा. रात्रपाळी संपली की साप्ताहिक सुटी येई. सकाळी घरी येऊन झोपायचे आणि दुपारच्या खेळाला जायचे. चित्रपट कोणता हे आधीच ठरलेले असे, आणि बरोबर कोणीतरी असेच. परतताना चालत यायचे आणि चित्रपटाविषयी बोलायचे. हे बोलणे मी चित्रपटाचाच भाग समजतो.

या नियमांत एक सूत्र आपल्या लक्षात आले असेल. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी वाट पाहत असते. वस्ताद वाट पाहतात, वर्गातली माणसे सतरंजी अंथरून वाट पाहतात, मित्र तिकीट काढून वाट पाहतो. नोकरीच्या धकाधकीत टिकून राहते ते या वाट पाहण्यामुळे. केवळ स्वतःच्या निश्चयावर टिकणारे थोडे असतात, आणि मी त्यांच्यातला नाही.

माझ्या हिशेबात आणखी एक खाते आहे, ते लपविणे योग्य होणार नाही. मी जो वेळ राखला तो घरातल्या कोणीतरी सोडलेला होता. मी संध्याकाळी तालमीत असताना मुलांचा अभ्यास आणि स्वयंपाक घरी चालूच होता. आमच्या घरी यावर स्पष्ट बोलणे झाले आणि ठरले की माझ्या तीन संध्याकाळी तालमीच्या, तर दोन संध्याकाळी सौभाग्यवतीच्या भजनीमंडळाच्या, आणि त्या दोन दिवशी पोळ्या सोडून बाकीचा स्वयंपाक माझा. ज्या घरात छंद एकाचा आणि कष्ट दुसऱ्याचे, तेथे त्या छंदाला साधना म्हणू नये.

यावरूनच योगवर्गाचे एक वळण आले. सकाळच्या वर्गाला बायका येत नसत. त्यांना आवड नसावी असे काहींचे म्हणणे होते. आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की सकाळी सहा ते दहा ही वेळ डब्यांची आणि पाण्याची. मग दुपारी साडेतीनचा वर्ग सुरू केला. तो पहिल्या महिन्यातच भरला, आणि सकाळच्या वर्गाहून अधिक नियमित चालला. वेळ सर्वांजवळ चोवीस तासच असला तरी त्यातला आपल्या हातचा भाग प्रत्येकाचा निराळा असतो. वर्ग चालविणाऱ्याने आपल्या सोयीची वेळ ठेवायची की येणाऱ्याच्या, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला पाहिजे.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते ते सर शाळेत भूमिती शिकवीत. शाळा सुटल्यावर याच मैदानावर ते लाठीचा वर्ग घेत, आणि वर्षातून तीन-चार वेळा मुलांना चित्रपटाला नेत. सोमवारी फळ्यावर एकच प्रश्न असे : काय पाहिले ते दहा ओळींत लिहा. आवडला की नाही हे लिहिलेले त्यांना चालत नसे. काय पाहिले तेवढेच हवे. पाहण्याचा तो धडा मला योगवर्गात चौदा माणसांकडे पाहताना उपयोगी पडला. या कामासाठी सरांना वेगळा पगार नव्हता आणि शाळेच्या वेळापत्रकात त्याची नोंदही नव्हती.

आज परिस्थिती बदलली आहे, आणि सगळी बदल वाईट दिशेने झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केल्यापासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जातो. मल्लखांब खेलो इंडिया युवा स्पर्धांत समाविष्ट झाला. जुन्या काळचे उत्तमोत्तम चित्रपट, ज्यांची आम्ही फक्त नावे ऐकली होती, आज घरबसल्या पाहता येतात. मार्च २०२० नंतर सारे बंद होते तेव्हा आमच्या वर्गातल्या वृद्धांनी मोबाइलच्या पडद्यावर आसने केली आणि त्या दिवसांत त्यांना तेवढाच आधार होता.

परंतु बंदी उठल्यावर त्यांतले पुष्कळ जण परत आले नाहीत. पडद्यावर वर्ग केव्हाही पाहता येतो, चित्रपट केव्हाही लावता येतो. आणि माझा अनुभव असा की ज्याला 'केव्हाही' करता येते ते हळूहळू कधीच होत नाही, कारण तेथे वाट पाहणारे कोणी नसते. सुरुवातीला सांगितलेल्या तीन जागाही तेथे मिळत नाहीत. पडद्यावरचा वस्ताद माझा उचललेला पाय पाहू शकत नाही. पडद्यावरच्या शिक्षकाला माझा अडकलेला श्वास ऐकू येत नाही. आणि हातात मोबाइल असलेला प्रेक्षक चित्रपट मध्येच थांबवितो, म्हणजे तेथेही तो साहेबच राहतो.

मुलांचे तर याहून अवघड झाले आहे. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की दुसरी शिकवणी. आमच्या तालमीत एके काळी संध्याकाळी मुलांना उभे राहायला जागा नसे. गेल्या दिवाळीनंतर मी मोजले तेव्हा सात मुले होती आणि दोन मुली. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांना पुढच्या परीक्षेची धास्ती आहे. पण या मुलांना पुढे नोकऱ्या लागतील, कदाचित पाळीच्याही, आणि नोकरीबाहेर आपली दुसरी जागा कशी निर्माण करायची हे त्यांनी कोठेच पाहिलेले नसेल.

म्हणून अध्यक्षमहाराज, समारोपाच्या आधी संचालक मंडळापुढे एक विनंती ठेवतो. शाळेचे मैदान सध्या संध्याकाळी सहाला कुलूपबंद होते. ते आठवड्यातून तीन दिवस आठपर्यंत उघडे ठेवावे. मुलामुलींना लाठी आणि मल्लखांब शिकवायला आमच्या तालमीतले दोघे जण येतील. दोघे का, ते आता आपल्याला ठाऊक आहे. दुपारी साडेतीनला एक वर्गखोली आयांच्या योगवर्गासाठी मिळावी. आणि महिन्यातून एका शनिवारी सभागृहात चांगला चित्रपट दाखवावा, त्यानंतर दहा ओळी लिहून घ्याव्यात. यासाठी मोठा निधी लागणार नाही. लागेल ती किल्ली सांभाळणारी आणि वेळेवर येऊन वाट पाहणारी माणसे. त्यांच्या यादीत माझे नाव आजच लिहून घ्यावे.

 सरांच्या स्मृतीस अभिवादन करून मी माझे भाषण संपवितो.